परवचा आणि पाटी

२०२०च्या मार्च महिन्याच्या मध्यावर महाराष्ट्रातील शाळांना कुलूप लागले. दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर आधी पुढे ढकलला गेला, मग रद्द झाला आणि त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवर दिले गेले. तेव्हा हा खंड काही आठवड्यांचा वाटत होता. प्रत्यक्षात नववी ते बारावीचे वर्ग काही जिल्ह्यांत नोव्हेंबर २०२०मध्ये उघडले, पाचवी ते आठवीचे जानेवारी २०२१च्या अखेरीस, आणि दुसऱ्या लाटेत तेही मिटले. सर्वांत लहान मुलांसाठी वर्गाचे दार १ डिसेंबर २०२१ला, तर मुंबई-पुण्यात त्यानंतर पंधरवड्याने उघडले. जून २०२०मध्ये पहिलीत नाव घातलेली असंख्य मुले शाळेची पायरी न चढताच दुसरीत गेली. या काळात राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाची रोजची अभ्यासमाला चालवली. त्या नावातला निर्धार खरा होता आणि त्यामागे झटणारी माणसेही खरी होती. पण शाळेला कुलूप लागले तरी तिचे काम काही काळ घर चालवील, हे त्यात गृहीत धरलेले होते. ते गृहीत कितपत टिकते हे पाहायचे तर मागे जावे लागते, कारण घर काय शिकवू शकते आणि त्याचा हात कुठे अपुरा पडतो, याच प्रश्नाशी महाराष्ट्र दोनशे वर्षे झुंजत आला आहे. त्या झुंजीतून निघणारे उत्तर मला असे दिसते: घराजवळ जे असते ते घर फार चांगले देते, जे नसते ते देऊ शकत नाही, आणि आपली शाळा उभी राहिली ती या दुसऱ्या गोष्टीसाठी.

घर काय देत होते याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे परवचा. दिवेलागण झाली, देवापुढे दिवा लागला की मुलांनी हातपाय धुऊन ओसरीवर किंवा माजघरात बसायचे आणि एका सुरात म्हणायला लागायचे. वार, तिथी, महिने, नक्षत्रे, संवत्सरांची नावे, मग रामरक्षा नाहीतर भीमरूपी, आणि त्यानंतर पाढे. पाढे नुसते पूर्णांकांचे नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी, असे अपूर्णांकांचेही पाढे मुलांच्या तोंडी बसलेले असत. ज्या व्यवहारात धान्य मापाने मोजले जाई, रुपयाचे सोळा आणे होत आणि व्याज तोंडी काढले जाई, तिथे हे पाढे म्हणजे रोजच्या उपयोगाचे हत्यार होते. परवच्याला पुस्तक लागत नव्हते, पाटी लागत नव्हती, समईच्या उजेडात किंवा उजेडावाचूनही तो चाले. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हातातले काम न सोडता मुलांची चूक पकडता येई. शिक्षणाची इतकी स्वस्त आणि इतकी टिकाऊ पद्धत क्वचितच कुठे असेल. तिची अट मात्र एकच होती आणि ती कठोर होती: परवचा म्हणवून घ्यायला तो पाठ असलेले माणूस घरात असावे लागे. ज्या घरात ते नव्हते तिथे दिवेलागण होई, परवचा होत नसे.

हीच गोष्ट धंद्याची. कुंभाराचे पोर चाकाशेजारी वाढे, कोष्ट्याचे मागाखाली, सुताराचे वाकस-पटाशीच्या आवाजात. कुलकर्ण्याचा मुलगा वडिलांच्या दप्तराशी बसून मोडी वळणे गिरवी आणि जमाबंदीचे कागद वाचायला शिके, कारण वतन वंशपरंपरेने त्याच्याकडे येणार होते. या शिकण्यात कौशल्य होते, शिस्त होती, हाताला आणि डोळ्याला लागणारे वळण होते, आणि त्याला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. पण ही सगळी विद्या घरातून घरात जात होती. कुलकर्ण्याच्या ओसरीवरची मोडी कुंभाराच्या अंगणात पोहोचत नव्हती आणि कुंभाराचा हात कुलकर्ण्याच्या मुलाकडे येत नव्हता. घरातले शिक्षण म्हणजे वारसा होता, आणि वारसा म्हटला की तो कुणाला मिळतो आणि कुणाला मिळत नाही हे जन्माआधीच ठरलेले असते.

यावर एक जुना आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. इंग्रजी अंमलाच्या आरंभीच्या पाहण्यांत शाळांचे आकडे कमी दिसतात, कारण घरी शिकणारी मुले त्यांत धरलेली नाहीत. ती धरली तर चित्र बरेच उजळ होते, असे तो आक्षेप सांगतो. मुंबई इलाख्यात १८२९च्या सुमाराला १,७०५ शाळा आणि सुमारे ३५ हजार विद्यार्थी मोजले गेले, तेव्हा इलाख्याची नोंदलेली लोकसंख्या ४७ लाखांच्या आसपास होती. म्हणजे शाळेत जाणारे शंभरात एकही नव्हते. रा. वि. परुळेकर यांनी या पाहण्यांची कागदपत्रे परिश्रमाने उजेडात आणली. शेजारच्या मद्रास इलाख्यात टॉमस मन्रोने १८२२मध्ये मागवलेल्या माहितीत एकट्या मद्रास शहरात घरी शिकणारी २६,९६३ मुले नोंदली गेली, शाळेत जाणाऱ्यांच्या कित्येक पटींनी जास्त. या आकड्यात काही चूक असावी अशी शंका खुद्द मन्रोलाही आली होती, तरी घरगुती शिक्षण मोठ्या प्रमाणावर चालत होते हे त्याने मान्य केले. आपणही ते मान्य करावे. पण त्याने आक्षेप सिद्ध होत नाही. घरी शिकणाऱ्यांची संख्या कितीही वाढवली तरी ती अशाच घरांतली असणार, जिथे शिकवणारा बाप, चुलता किंवा नेमलेला शिक्षक होता. आकडा वाढतो, कुंपण तसेच राहते.

त्या काळची पंतोजीची शाळासुद्धा एका अर्थाने घराचीच वाढवलेली ओसरी होती. तिला स्वतःची इमारत क्वचितच असे. एखाद्या सावकाराच्या वाड्याची पडवी, देवळाचा सभामंडप किंवा पंतोजीचे स्वतःचे घर, एवढ्यावर ती भागे. मुले धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षर काढत, मोठी मुले लहानांकडून गिरवून घेत, आणि पंतोजीला मोबदला थोडा पैशांत, बाकी शिध्यात आणि सणावारच्या दक्षिणेत मिळे. मुलगा कधी येणार आणि कधी जाणार हे घराच्या सोयीवर ठरे. शिकवणेही घराला हवे तेवढेच: मोडी वाचन-लेखन, तोंडी हिशेब, पत्राचा मायना. जे पालक शिधा देत त्यांचीच मुले तिथे येत. मुली जवळजवळ नसतच, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांना त्या पडवीची पायरी चढता येत नव्हती. घर आणि ही शाळा यांच्यात अंतर नव्हते, म्हणून घराची मर्यादा हीच शाळेचीही मर्यादा राहिली.

१८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली आणि पाठोपाठ महार-मांग मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा बदल नुसता विद्यार्थ्यांच्या संख्येत झाला नाही. ज्या घरात अक्षर नाही त्या घरातल्या मुलाला अक्षर द्यायचे, ही शाळेची नवी व्याख्या तिथे तयार झाली. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा मुक्ता साळवेचा आहे. मांग समाजातल्या या मुलीने फुल्यांच्या शाळेत शिकून महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिच्या घराने तिला जगण्याची समज आणि दुःखाची जाणीव दिली असेल, नव्हे दिलीच असेल, कारण निबंधाचा विषयच तो आहे. पण ते दुःख लिहून साऱ्या समाजासमोर मांडण्याचे साधन त्या घराजवळ नव्हते, ते शाळेने दिले. एका पिढीचे घर जे कधीच देऊ शकले नसते ते काही वर्षांच्या वर्गाने दिले, याहून शाळेचा वेगळा अर्थ सांगता येत नाही.

इथे कुणी विचारील की एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राच्या थोर स्त्रिया तर घरातच शिकल्या, मग घराला अपुरे कसे म्हणायचे? प्रश्न रास्त आहे. सावित्रीबाईंना पहिली अक्षरे जोतीरावांनी शिकवली. पंडिता रमाबाईंना संस्कृत त्यांच्या आई लक्ष्मीबाईंनी शिकवले, आणि लक्ष्मीबाईंना त्यांचे पती अनंतशास्त्री डोंगरे यांनी. आनंदीबाई जोशी गोपाळरावांच्या हट्टाने शिकल्या आणि १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. रमाबाई रानडे यांना महादेव गोविंद रानड्यांनी लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकवले. पण ही उदाहरणे नीट पाहिली तर ती उलट दिशेला बोट दाखवतात. प्रत्येक घरात एक शिकलेला आणि जगाच्या विरोधात जायला तयार असलेला माणूस होता. तसे घर हजारांत एखादे. शिवाय घर जसे शिकवते तसेच अडवतेही. रमाबाई रानड्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’मध्ये घरातल्याच बायकांनी त्यांच्या शिकण्याला केलेला विरोध आणि दिलेला त्रास लिहून ठेवला आहे. पती शिकवत होता त्याच छपराखाली बाकीचे घर ते शिकणे मोडायला बसले होते. सावित्रीबाईंनाही शिक्षिका होण्यासाठी घर सोडून प्रशिक्षण घ्यावे लागले. अहमदनगरला सिंथिया फरार यांच्याकडे त्या शिकल्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरात शिकलेल्या या बायकांनी पुढे काय केले? सावित्रीबाईंनी शाळा चालवल्या, पंडिता रमाबाईंनी १८८९मध्ये शारदा सदन काढले, रमाबाई रानड्यांनी १९०९मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले. घरातले शिक्षण किती दैवाधीन असते हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते, म्हणून इतर मुलींना त्यांनी त्या दैवावर सोडले नाही.

याच काळातला सक्तीच्या शिक्षणाचा वादही याच मुद्द्याभोवती फिरला. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीरावांनी किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३मध्ये अमरेली भागात सक्ती सुरू केली आणि १९०६मध्ये ती सगळ्या बडोदा संस्थानात नेली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले. ते १९१२च्या मार्चमध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७मध्ये कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद केली. लोकांची तयारी नाही, पैसा नाही, शेतावर आणि घरात हात कमी पडतील, हे सक्तीविरुद्धचे मुद्दे होते. आज ते ऐकून रागवायचे कारण नाही, त्यातले शेवटचे तर गरीब घराचे खरे दुखणे होते. पण सक्ती मागणाऱ्यांचे म्हणणे असे होते की मुलाचे भविष्य पूर्णपणे घराच्या आजच्या गरजेवर सोडले तर उद्याचे घरही आजच्यासारखेच राहील. कायद्याचा हात बापाच्या अधिकारात घालण्याचे धाडस त्यांनी केले ते या विचाराने.

आणि नुसता वर्ग काढून भागत नाही, हेही त्यांना लवकरच दिसले. खेड्यातल्या मुलाला कोल्हापूरला शिकायचे तर राहायचे कुठे आणि खायचे काय? शाहू महाराजांनी १९०१पासून वेगवेगळ्या जातीजमातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची साखळी उभी केली. भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केले, तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, राबत आणि एका पंगतीत जेवत. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले. या वसतिगृहांचा अर्थ आजच्या चर्चेत विसरला जातो. त्या पिढीला शाळा चालवण्यासाठी शाळेचेच घर करावे लागले, कारण मुलाच्या घराजवळ दिवा, जागा, रिकामा वेळ आणि दोन वेळचे अन्न यांतले काहीतरी कमी होते. २०२०मध्ये आपण उलट मागणी केली, घराने शाळा व्हावे असे म्हटले. शंभर वर्षांपूर्वी घराजवळ जे नव्हते ते आता प्रत्येक घरात आहे काय, हे मात्र आपण आधी विचारले नाही.

साथीच्या रोगाने घराला आणि शाळेला हलवून सोडण्याची वेळ महाराष्ट्रावर पूर्वीही आली होती. १८९६मध्ये मुंबईत आणि लगोलग पुण्यात प्लेग शिरला. माणसे घरे सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहायला गेली, पेठा ओस पडल्या, शिकणे-शिकवणे विस्कटले. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करताच १० मार्च १८९७ला सावित्रीबाई गेल्या. शिक्षकाचे काम वर्गाच्या उंबऱ्याशी संपत नाही, हे त्यांच्या मरणाने सांगितले. पण शाळा बुडाल्याचे दुःख त्या वेळी साऱ्या समाजाचे झाले नाही. १९०१च्या जनगणनेत हिंदुस्थानातली साक्षरता पाच टक्क्यांच्या आसपास होती. उरलेल्या पंच्याण्णवांच्या घरात शाळा उघडीच नव्हती, तर तिच्या बंद होण्याची बातमी तिथे कशी पोहोचणार? २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर गेली होती. म्हणून २०२०चे कुलूप वाड्यापासून वस्तीपर्यंत प्रत्येक घराला जाणवले. तो आकांत हाच मधल्या सव्वाशे वर्षांच्या कामाचा पुरावा होता.

मूल शाळेत येऊ शकत नसेल तर काय करायचे, याचे उत्तर शोधणारा प्रयोगही याच भूमीत झाला होता. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठच्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, आणि १९५७पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी वाढले. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी पालकांना दोष दिला नाही आणि घरी शिकवा असेही सांगितले नाही. त्या बालवाडीच वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. गुरे वळणाऱ्या पोरांसाठी शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा झाली. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन येते आणि त्याच्यामुळे तिचे शिकणे राहते, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छताखाली आणून विकासवाडी उभी केली. या प्रत्येक पावलात घराची अडचण नीट ओळखलेली आहे, पण शिकवण्याची जबाबदारी घरावर ढकललेली नाही. जागा घराची आणि शिक्षक शाळेचा, अशी ती रचना होती. १९७५मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी हे नाव घेतले, पण त्या नावातला विचार पुढच्या संकटात हाताशी असूनही आपल्या धोरणाला वेळेवर आठवला नाही.

२०२०च्या जूनपासून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर रोजचा अभ्यास येऊ लागला, दीक्षा अ‍ॅपच्या दुव्यांची यादी येऊ लागली, जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही बालभारतीच्या पाठांवरची मालिका सुरू झाली आणि घरातल्या वस्तू घेऊन पालकांनी मुलांबरोबर काय करावे हे तिने फार आपुलकीने दाखवले. जिथे आई-वडील शिकलेले होते, घरूनच काम करत होते आणि दोन फोन होते, तिथे हे बऱ्यापैकी चालले, आणि तिथेही बहुतेक भार आईवर पडला. पण ग्रामीण भारतात २०२०मध्ये ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार शाळकरी मुले असलेल्या ६१.८ टक्के कुटुंबांतच स्मार्टफोन होता. पुढच्या वर्षी हे प्रमाण ६७.६ टक्के झाले, तरी फोन असलेल्या घरांतल्या २६.१ टक्के मुलांच्या हाती तो लागत नव्हता. फोन बापाबरोबर कामावर जात होता. ऑगस्ट २०२१मध्ये महाराष्ट्रासह १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या वंचित वस्त्यांतून सुमारे १,४०० मुलांची पाहणी झाली, तेव्हा खेड्यांतली अवघी ८ टक्के मुले नियमितपणे ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के मुले अजिबात काही शिकत नव्हती. ज्या आईने स्वतः वर्ग पाहिलेला नाही तिच्याकडून आपण दुसरीची वजाबाकी शिकवण्याची अपेक्षा केली आणि ती जमली नाही तेव्हा तिला ‘जागरूक नसलेली पालक’ म्हटले. हा तिच्यावरचा अन्याय होता. परवचा पाठ नसलेल्या माणसाकडून परवच्याची अपेक्षा करण्याइतकाच तो जुना अन्याय होता.

ऊसतोड कामगारांच्या मुलांना तर हे काहीच नवे नव्हते. बीडसारख्या जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे कोयता खांद्यावर टाकून निघालेली कुटुंबे वसंत सरेपर्यंत कारखान्याच्या पट्ट्यात कोप्या उभारून राहतात, आणि मागच्या गावची शाळा त्यांच्या मुलांसाठी दरवर्षी निम्मा काळ बंदच असते. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे ही त्यावरची अपुरी पण योग्य दिशेची उत्तरे होती: मूल जाते तिथे शाळा नेणे, नाहीतर मुलासाठी घर उभे करणे. महामारीत ज्या शिक्षकांनी खरोखर काही वाचवले ते याच वाटेने गेले. तपासणी नाक्यांवरची आणि घरोघरच्या सर्वेक्षणाची कामे सांभाळून जिल्हा परिषदेच्या कितीतरी शिक्षकांनी पाच-सात मुलांचे गट करून ओट्यावर, पारावर, देवळाच्या सभामंडपात, झाडाखाली वर्ग घेतले. सोलापूरच्या नीलमनगरात कष्टकऱ्यांच्या वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे, पाढे आणि व्याकरण रंगवले गेले, म्हणजे येता-जाता मुलाला भिंत वाचता यावी. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाडा भागात ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवणारी ‘बोलकी शाळा’ चालली. ज्या जिल्ह्यात कोसबाड आहे त्याच जिल्ह्यात सत्तर-पाऊणशे वर्षांनी शाळा पुन्हा अंगणात गेली, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. अडचण तीच असली की प्रामाणिक माणूस उत्तरही तेच शोधतो.

आता दोन आक्षेप उरतात. पहिला असा की शाळाच मुलाला साच्यात घालते, घरात ते मोकळेपणी, आपल्या भाषेत आणि आपल्या गतीने शिकते, म्हणून घरच्या शिक्षणाकडे संशयाने पाहू नये. शाळेवरचा हा आरोप पुष्कळदा खरा असतो. वारली किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला पहिल्या दिवसापासून पुस्तकी मराठीत बुडवणारा वर्ग काय करतो हे अनुताईंच्या परंपरेतल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. पण घर निवडणे आणि घरात अडकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांच्याजवळ पुस्तके, वेळ आणि विद्या आहे त्यांनी मुलाला घरी शिकवावे, त्यांचा तो विचार आदराने ऐकावा. त्या घराचा अनुभव मात्र सर्वांच्या घरांचा नियम होत नाही. दुसरा आक्षेप असा की तेव्हा साधने कमी होती, आता प्रत्येक हाती फोन येईल आणि अडचण सुटेल. फोनाने धडा घरात पोहोचतो हे खरे, आणि दूरच्या मुलासाठी ते मोलाचेही आहे. पण मूल कुठे अडखळले हे पाहणारा डोळा, समजले नाही म्हणून दुसऱ्या तऱ्हेने सांगणारे तोंड, शेजारी बसून चुकणारा सवंगडी आणि दुपारच्या खिचडीचे ताट फोनातून येत नाही. शाळा बंद असताना पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळ कोरड्या स्वरूपात घरी द्यावी लागली. वर्गाबरोबर एक वेळचे जेवणही बंद झाले होते, हे त्या पिशवीने सांगितले.

शाळा उघडल्यानंतर काय झाले, हा या युक्तिवादाचा शेवटचा पुरावा. ‘असर’च्या देशभरच्या ग्रामीण पाहणीत २०१८ साली तिसरीतली २७.३ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. दोन वर्षांच्या कुलपानंतर २०२२मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर आले. २०२४मध्ये ते २७.१ टक्के झाले. मधल्या काळात घरे बदलली नव्हती. तीच आई, तोच बाप, तीच झोपडी किंवा तेच दोन खोल्यांचे बिऱ्हाड. बदलले ते एवढेच की मूल पुन्हा वर्गात बसू लागले. २७ हा आकडा समाधानाचा नाही, आणि आपल्या शाळेला अजून किती करायचे आहे हेच तो सांगतो. पण घसरणही शाळेच्या अनुपस्थितीची होती आणि भरपाईही तिच्या परतण्याची, हे त्यातून निसटत नाही.

या दोन वर्षांनी घराला काही दिले नाही असे नाही. शिक्षक पहिल्यांदाच मुलाच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि त्यांनी त्याची झोपडी, त्याचे धाकटे भावंड, त्याच्या आईचा दिवस पाहिला. पालकांनाही चाळीस मुलांना एकत्र शिकवणे म्हणजे काय याची कल्पना आली. ही ओळख जपली पाहिजे. घराने आपली भाषा, आपली गोष्ट, आपल्या हाताचे कसब मुलाला द्यावे. ते शाळेला जमणार नाही. पण शाळेचे ओझे घरावर टाकण्याची सवय लागू नये, कारण शाळा बंद करायला दरवेळी साथच लागते असे नाही. २०२३मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव महाराष्ट्रात पुढे आला, तेव्हा डोंगरातल्या वाड्या-पाड्यांच्या शाळांवर तीच टांगती तलवार आली. मोठ्या शाळेत सोयी जास्त असतात हे त्यामागचे कारण खोटे नाही. पण शिक्षणहक्क कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा मुलाच्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी असे ठरवले आहे ते उगीच नाही. ओढ्यापलीकडची शाळा पावसाळ्यात लहान मुलीसाठी बंदच असते आणि तिचे शिकणे पुन्हा तिच्या घराजवळ जे असेल तेवढ्यावर येते. पटावरची सात मुले मोजताना ताराबाईंनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली होती, हे धोरण आखणाऱ्यांनी आठवावे. त्या वाडीतल्या आईने आपल्या मुलीला परवचा शिकवला नाही म्हणून तिला विचारण्याआधी तिच्या मुलीच्या हातात पाटी देणारा शिक्षक वाडीपर्यंत पोहोचतो आहे का, एवढे पाहावे.